पांढरं वांगं, बियांपासून बियांपर्यंत : प्रस्तावना

पहिल्या वर्षी सिडकोतल्या आमच्या गच्चीवर पांढरी वांगी आली. कोंबडीच्या अंड्याएवढी, गुळगुळीत, डोक्यावर हिरवी काटेरी टोपी घातलेली. गल्लीतली मुलं ती बघायला जिना चढून वर येत. त्यातलं एक वांगं मी झाडावरच पिकू दिलं, बी काढून सावलीत वाळवलं, कागदाच्या पुडीत बांधलं आणि पुढच्या पावसाळ्यात हौसेनं पेरलं. पाच रोपं जगली. त्यांतल्या तिघांना पांढरी वांगी लागली आणि दोघांना जांभळी.

मी आधी पुडीवर संशय घेतला, मग बी विकणाऱ्यावर. खरं कारण कळायला आणखी एक वर्ष गेलं. त्याच गच्चीवर भरल्या वांग्यांसाठी लावलेल्या जांभळ्या वांग्यांच्या चार कुंड्या होत्या, आणि एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाणाऱ्या भुंग्याला रंगाचं सोयरसुतक नसतं. वांग्याची साल, गर, देठ हे सगळं आईच्या झाडाचं असतं. आतलं बी मात्र आईबाप दोघांचं. म्हणून जांभळ्याचा पराग पांढऱ्याच्या फुलावर पडला, तरी त्या वर्षीचं वांगं पांढरंच दिसतं. काय घडलंय ते पुढच्या वर्षी कळतं, तेही फळ धरल्यावर, म्हणजे पेरणीनंतर साडेतीन महिन्यांनी. शिवाय अशा संकरात जांभळा रंग पांढऱ्यावर मात करतो. पहिल्या पिढीत पांढरा दबतो, पुढच्या पिढीत एखाद्या-दुसऱ्या रोपात पुन्हा डोकं वर काढतो, आणि तोवर आपण त्या वाणाचा नाद सोडून दिलेला असतो.

या अनुभवानंतर मी पांढऱ्या वांग्याकडे भाजी म्हणून बघणं कमी केलं आणि बी म्हणून बघायला लागले. पुढची पानं त्यातून आली. रोपवाटिकेतून तयार रोप आणून वांगी काढण्याविषयी इथे फारसं काही नाही. ते कुणालाही जमतं. पांढरं वांगं पांढरंच राहावं, आणि पाच वर्षांनी तुम्ही शेजारणीला दिलेल्या बियांतूनही पांढरंच यावं, यासाठी काय करावं लागतं, हे मला सांगायचं आहे. जांभळं वांगं आपोआप जांभळं राहतं. पांढऱ्याला कुणीतरी राखणारं लागतं.

पांढरं म्हणजे काय, ते आधी बघू. जांभळ्या वांग्याच्या सालीत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं. जांभळातला, काळ्या द्राक्षांतला रंग त्याच घराण्यातला. हिरव्या वांग्यात ते नसतं, पण पानांतलं हरितद्रव्य सालीतही असतं. पांढऱ्या वांग्याच्या सालीत दोन्ही नसतात. म्हणजे पांढरा हा रंग नव्हे, दोन रंगांचं नसणं आहे. आपल्या बाजारात पांढरी म्हणून मिळणारी बरीच वांगी खरं तर पांढरट हिरवी असतात. अजिंठ्याचा डोंगर उतरून पलीकडे गेलं की जळगाव जिल्ह्यात भरिताची म्हणून जी मोठी वांगी मिळतात, ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तीही याच पांढरट हिरव्या कुळातली. यावल तालुक्यातल्या बामणोदचं वांगं भरितासाठी नावाजलेलं आहे, आणि त्याची चव घेतलेला माणूस दुसऱ्या वांग्याचं भरीत मन लावून खात नाही. पण मी ज्याविषयी लिहिते आहे ते वांगं वेगळं. ते लहान, अंडाकृती आणि दुधासारखं पांढरं आहे.

ते परदेशी आहे असं अनेकांना वाटतं. रोपवाटिकांतही ते नवलाईचं म्हणून विकतात. पण सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांनी ‘भावप्रकाश’ या आपल्या वैद्यकग्रंथात वांग्याचे गुण सांगताना पांढऱ्या वांग्याची वेगळी नोंद केली आहे. ते कोंबडीच्या अंड्यासारखं असतं, मूळव्याधीवर विशेष हितकारक असतं, पण इतर गुणांत नेहमीच्या वांग्यापेक्षा उणं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्याच शतकाच्या अखेरीला, १५९७ मध्ये, लंडनच्या जॉन जेरार्डने वनस्पतींवरचा आपला जाडजूड ग्रंथ छापला. त्यालाही वांगं बघून अंडंच आठवलं, फक्त हंसाचं; आणि त्याने वर्णन केलेल्या रंगांत पांढरा पहिला आहे. मात्र हे फळ खाण्यात धोका आहे, ते बागेत शोभेला आणि अपूर्वाईला ठेवावं, असं त्याने आपल्या वाचकांना बजावलं. इंग्रजांनी वांग्याला अंड्याचं झाड म्हणायला सुरुवात केली ती अठराव्या शतकात, अशाच पांढऱ्या वांग्यांवरून. आज तिकडच्या बाजारात बहुतेक वांगी जांभळी दिसतात आणि नाव मात्र अंड्याचंच आहे. ते नाव कशावरून पडलं हे आपल्याला पांढऱ्या वांग्याची एक कुंडी लावली की उमगतं.

वांगं मुळात आपल्या उपखंडाचं. हरियाणातल्या फरमाणा इथे सापडलेल्या सिंधू संस्कृतीच्या काळातल्या भांड्यांवर आल्या-हळदीबरोबर वांग्याच्या पिठूळ कणांचेही अवशेष मिळाले आहेत. त्याच्या नावाचा प्रवास तर आमच्या शहरातल्या माणसाला आपल्या घरचाच वाटावा. संस्कृतातलं वातिंगण इराणात बादिंगान झालं, अरबांकडे बादिंजान झालं, तिथून पोर्तुगालात बेरिंजेला, आणि पोर्तुगिजांबरोबर परत येऊन ब्रिंजल झालं. एका बाजूला मराठी वांगं आणि दुसऱ्या बाजूला दख्खनी बैंगन, अशा दोन्ही शब्दांत या शहराची स्वयंपाकघरं बोलतात. भरल्या वांग्याच्या वाटणात आमच्याकडे शेंगदाणे, तीळ, कारळं आणि काळा मसाला असतो. दोन घरं सोडून पलीकडे बघारे बैंगनमध्ये शेंगदाणे, तीळ, खोबरं आणि चिंच असते. माझ्या पांढऱ्या वांग्याला पहिली दाद त्या घरातूनच मिळाली होती. साल जरा जाड आहे, पण गर घट्ट राहतो, चिंचेच्या रश्श्यात फुटत नाही, असं तिथल्या खाला म्हणाल्या. हे मत मला स्वतःच्या मतापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

आता इथल्या जमिनीविषयी. मलिक अंबरने १६१० मध्ये आमचं जे शहर वसवायला घेतलं त्याचं मूळ नाव खडकी होतं, आणि कुदळ घेऊन अंगणात उतरलेल्या कुणालाही ते नाव पटेल. कुठे वीतभर काळी माती आणि खाली मुरूम, कुठे थेट दगड. पाण्याची ओढाताण तेव्हापासूनची आहे, म्हणूनच अंबरला डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून आणावं लागलं. त्या काळानंतर मुघलांनी लावलेली हिमायतबाग आजही आहे, आणि तिथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र चालतं. आपल्या गच्चीवर एवढा पसारा नाही. नळाला पाणी रोज येत नाही, आलं की पिंप भरून ठेवायचं, आणि तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना घालायचं, हाच आमच्या वसाहतीतला रिवाज. वांगं या रिवाजाला सोसणारं झाड आहे. टोमॅटो एका दिवसाच्या तहानेनं फळ फाडून घेतो. वांगं पानं लोंबवतं आणि संध्याकाळच्या तांब्याभर पाण्यावर पुन्हा उभं राहतं. त्याला खरा त्रास होतो तो कुंडी सतत ओली राहिली तर. नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ती ओली असताना चिकट होते, वाळली की कडेने भेग पडते आणि घातलेलं पाणी त्या भेगेतून थेट खाली जातं. एक घमेलं माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं कोकोपीट, वर दोन मुठी निंबोळी पेंड. कुंडी पंधरा इंचांची, एका कुंडीत एकच झाड. कुंडीवर पालापाचोळ्याचं आच्छादन. उन्हाळ्यात कुंडीभोवती ओलं गोणपाट, कारण गच्चीची फरशी मुळांना भाजते.

पेरावं कधी, या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. कृषी खात्याच्या पुस्तिकांत खरीप, रब्बी, उन्हाळी असे तीन हंगाम दिलेले असतात आणि ते बरोबरच आहेत. पण घरच्या बागेला आपल्या पंचांगातच एक हंगाम सापडतो. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, घरोघर कांदा-लसूण-वांग्याचे पदार्थ मनसोक्त होतात. दोन दिवसांनी आषाढी एकादशी, चातुर्मास सुरू, आणि ज्या घरांत तो पाळतात तिथे वांगं बंद. ते पुन्हा पानात येतं मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्यात, भरीत आणि रोडग्यांबरोबर. शहराच्या दक्षिणेला सातारा गावच्या खंडोबाच्या देवळात त्या दिवशी जी गर्दी लोटते, त्यातल्या अनेक घरांत त्या सकाळी पाच महिन्यांनी पहिल्यांदा वांगं भाजलेलं असतं. पावसाळ्यातल्या वांग्यात अळी फार, म्हणून खाऊ नये, एवढंच कारण माझी आई सांगायची. झाडं लावायला लागल्यावर मला ते पटलं.

एकदा मी दिवस मोजले. आषाढी एकादशी ते चंपाषष्ठी, मध्ये अधिक महिना नसेल, तर साधारण एकशे त्रेचाळीस दिवस होतात. आता झाडाचा हिशेब बघा. बी उगवायला आठ-दहा दिवस. रोप कुंडीत लावण्याजोगं व्हायला तीस-पस्तीस. तिथून पहिली फुलं यायला सव्वा-दीड महिना. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी दिवसांनी फूल. फूल धरल्यावर वांगं भाजीला यायला पंधरा-वीस दिवस लागतात, पण त्यातलं बी पूर्ण पिकायला लागतात पन्नास ते साठ. कांदेनवमीच्या सुमाराला पेरलेल्या झाडाच्या पहिल्या फुलांतलं बी चंपाषष्ठीच्या आसपास पिकतं. ही सांगड कुणी ठरवून घातली असं माझं म्हणणं नाही. पण चातुर्मास पाळणाऱ्या घरात ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं वांगं तोडायचं नसतंच. ते झाडावर राहिलं तर बियाण्याचं होतं. ज्या घरांत चातुर्मास नाही त्यांनी ती वांगी खुशाल खावीत, झाडावरची दोन तेवढी राखावीत. मी सगळीच ठेवत नाही. झाडावर पिकणारी फळं जास्त झाली की झाडाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते नवीन फुलं धरेनासं होतं. एका झाडावर दोन, फार तर तीन.

बियाणं निवडताना पाकिटावरचं एकच अक्षर महत्त्वाचं. एफ-१ किंवा संकरित लिहिलेलं असेल तर त्या बियांतून पहिल्या वर्षी छान, एकसारखी वांगी येतील, पण त्यांचं बी राखण्यात अर्थ नाही. पुढच्या पिढीत ते विखुरतं. सरळ किंवा सुधारित वाण हवा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा सफेद बैंगन-१ नावाचा पांढरा वाण काढलेला आहे. गावाकडून कुणी पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं बी मिळालं तर त्याहून बरं. बी गुलाबी किंवा हिरवट रंगाचं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे हे समजावं, लहान मुलांच्या हाती देऊ नये, आणि पेरल्यावर हात धुवावेत. एका ग्रॅममध्ये वांग्याच्या दोनशेच्या वर बिया बसतात. चार माणसांच्या घराला सहा झाडं पुरतात. तेव्हा वीस बिया पेरा, उरलेल्या ठेवून द्या. सगळं पाकीट एका ट्रेमध्ये रिकामं करण्याचा मोह मला अनेक वर्षं आवरला नाही. दाट उगवलेली रोपं एका रात्रीत जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. त्याला मर म्हणतात, आणि पावसाळ्यात तिचं मुख्य कारण गर्दी आणि जास्तीचं पाणी हेच असतं. निम्मं कोकोपीट, निम्मं गांडूळखत, चिमूटभर ट्रायकोडर्मा. बी नखभर खोल. वर ओलं फडकं, आणि पहिला कोंब दिसताच फडकं बाजूला. रोप चार-पाच पानांवर आलं की संध्याकाळी कुंडीत हलवावं. माझ्या वाणाच्या रोपाचं खोड स्वच्छ हिरवं असतं. एखाद्या रोपाच्या खोडावर जांभळी झाक दिसली, तर मी ते भाजीसाठी वेगळं काढते. त्याच्यावर बियाण्याची जबाबदारी टाकत नाही.

मग येतं फूल. गच्चीवर वांगी न धरण्याच्या जितक्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकींचं उत्तर फुलात असतं, खतात नव्हे. फूल खाली मान घालून असतं. ते हळूच उलटं करून बघा. मधोमध पिवळ्या पुंकेसरांची नळी दिसेल. त्या नळीच्या बाहेर हिरवं टोक डोकावत असेल, तर ते फूल धरेल. टोक आतच दडलेलं असेल, तर ते फूल गळणार, आणि त्यात तुमची चूक काही नाही. एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुलं येतात. दुसरी गोष्ट अशी की पुंकेसरांना पराग सोडायला टोकाशी दोन बारीक भोकं असतात, मिठाच्या डबीसारखी. फूल हललं तरच पराग खाली पडतो. मोठा काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला मिठी मारून पंखांचे स्नायू थरथरवते आणि पराग झाडून घेते. तो गुणगुणण्याचा आवाज सकाळच्या शांततेत कान दिला तर ऐकू येतो. मधमाशीला हे जमत नाही. चौथ्या-पाचव्या मजल्यावर भुंगे कमी पोचत असतील, तर सकाळी आठ-दहाच्या दरम्यान फुलाच्या देठावर बोटानं दोन टिचक्या मारा. एवढंच पुरतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे गेला की टिचक्यांनीही काम होत नाही. फुलं गळतात, पांढऱ्या सालीवर उन्हाचे तपकिरी डाग पडतात. तेव्हा झाड फूटभर उंचीवर छाटून टाकावं आणि पावसाची वाट बघावी. खोडवा चांगला येतो.

हाच पराग राखायचा म्हणजे बी राखणं. व्यापारी बियाण्याच्या शेतात दोन वाणांमध्ये शंभर-दोनशे मीटर अंतर ठेवावं लागतं. गच्चीवर ते कुठून आणणार? लग्नात सुपारी-बदाम भरून देतात ना, ती जाळीची पुरचुंडी कामाला येते. उद्या उमलणार असं वाटणाऱ्या कळीवर आज ती चढवायची, दोरी सैल बांधायची. फूल उमललं की बाहेरूनच टिचकी मारायची. वांगं स्वतःच्याच परागावर धरतं, त्याला दुसऱ्या झाडाची गरज नाही. हरभऱ्याएवढं फळ दिसलं की पुरचुंडी काढायची आणि देठाला लाल दोरा बांधायचा. त्या दोन वर्षांच्या गोंधळानंतर माझ्या गच्चीवरच्या पांढऱ्या वांग्यात जांभळं आलेलं नाही, ते या पुरचुंड्यांमुळे.

फळ आणि शेंडा पोखरणाऱ्या अळीविषयी या पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे, तरी इथे थोडं लिहायलाच हवं, कारण या अळीची गोष्ट आमच्या दारातून गेली आहे. पतंग पानावर अंडी घालतो, अळी कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा एका दुपारी मान टाकतो. पुढच्या पिढीची अळी फळात शिरते. घरच्या बागेत उपाय कात्रीचा आहे. मान टाकलेला शेंडा भोकाच्या खाली बोटभर कापून साबणाच्या पाण्यात बुडवायचा, खताच्या ढिगावर टाकायचा नाही. रोज सकाळी दोन मिनिटं. सहा झाडांना याहून जास्त काही लागत नाही. वाटलं तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. पांढऱ्या सालीवर भोक लगेच दिसतं, हा त्या रंगाचा एक उपयोग.

पण एकरभर वांगी लावणाऱ्याला कात्री पुरत नाही. त्याला एका हंगामात पुन्हापुन्हा औषध मारावं लागतं, आणि त्याचा प्रश्न खरा आहे. इथून साठ-एक किलोमीटरवरच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली. भेंडीच्या पुसा सावनी वाणाच्या बियाण्यापासून सुरू झालेलं त्यांचं काम १९९८ च्या जागतिक अन्न पुरस्कारापर्यंत पोचलं, आणि जालना बियाण्याचं गाव म्हणून देशात ओळखलं जाऊ लागलं. याच कंपनीने या अळीला मारणारं जनुक घातलेलं बीटी वांगं तयार केलं. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या समितीने त्याला मान्यता दिली. त्यानंतर तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांत महाराष्ट्रातलं शहर होतं नागपूर. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी त्या वांग्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ मध्ये तेच तंत्र स्वीकारलं. स्थगितीच्या बाजूने जी कारणं मांडली गेली, त्यांतलं एक होतं की वांगं मूळ इथलं आहे, त्याचे असंख्य स्थानिक वाण आणि रानटी नातलग इथे आहेत, आणि पराग कुंपण मानत नाही. दोन्ही बाजूंच्या माणसांनी तेव्हा जे लिहिलं ते मी बरंच वाचलं. विज्ञानाचा निवाडा करण्याची माझी पात्रता नाही. परागाचं म्हणणं मात्र मला पाच रोपांवरून कळलेलं होतं. जे चार कुंड्यांनी माझ्या एका वाणाचं केलं, ते शिवारांच्या पातळीवर किती वाणांचं होईल, हा प्रश्न विचारणारा माणूस अडाणी ठरत नाही.

आणि तंत्र कुठलंही येवो, स्थानिक वाण आधी कुणीतरी जिवंत ठेवलेला असावा लागतो. सरकारी जनुकपेढीत बी गोठवून ठेवतात, ते आवश्यक आहे. पण बी दरवर्षी मातीत जाऊन इथल्या उन्हाशी, इथल्या पाण्याशी ओळख करून घेतं ते घराच्या बागेतच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला तो याच कामासाठी: घरातल्या मडक्यांत गावरान बी राखणं आणि वाटणं. पिकांच्या वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यासाठी २००१ मध्ये झालेल्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क वापरायला येत नसेल तर कागदावरच राहतो. वांग्याचं बी राखणं गच्चीवरच्या माणसालाही शिकता येतं, एवढंच मला माझ्या अनुभवावरून ठाऊक आहे.

पांढऱ्या वांग्याची एक खूण शिकणाऱ्याच्या फार उपयोगाची आहे. बी तयार झालं की ते पिवळं पडतं, आधी बुडाशी लिंबाच्या रंगाचं, मग सगळं हळदीसारखं. घरातले म्हणतात वांगं वाया गेलं, जून झालं. भाजीच्या दृष्टीनं ते खरं आहे; भाजीचं वांगं तकतकीत असताना तोडावं, बोटानं दाबलं तर दबून पुन्हा वर यावं. पण दोरा बांधलेलं वांगं पिवळं झाल्यावरच हात लावण्याजोगं होतं. तोडून आठवडाभर सावलीत ठेवा, मऊ पडू द्या. मग चिरून गर पाण्यात कुस्करा. चांगलं बी तळाशी बसतं, पोकळ बी गरासकट वर तरंगतं, ते ओतून द्या. तळाचं बी तीन पाण्यांनी धुऊन सुती फडक्यावर सावलीत पसरा, हाताला खडखडीत लागेपर्यंत. कागदाच्या पुडीत, पुडी बाटलीत, बाटलीत चमचाभर कोरडी राख. पुडीवर वर्ष, वाण आणि कुणाकडून आलं ते लिहा. कोरडं राहिलं तर तीन-चार वर्षं ते उगवतं.

पुढच्या प्रकरणांत मातीपासून खोडव्यापर्यंत सगळं क्रमानं आहे. घाई असेल तर फुलाचं आणि बियांचं प्रकरण आधी वाचा. बाकीचं गरज पडेल तसं. चातुर्मास सुरू होण्याआधी वीस बिया मोजून काढा. आणि लाल दोऱ्याचं वांगं कशासाठी ठेवलंय ते घरात प्रत्येकाला सांगून ठेवा, चंपाषष्ठीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा. नैवेद्याच्या भरितात आपल्या कुंडीतलं एक तरी वांगं असावं असं सगळ्यांनाच वाटतं, आणि सकाळच्या गडबडीत गच्चीवर गेलेला हात पहिल्यांदा त्या दोऱ्याकडेच जातो.